अय्यर, व्ही. आर. कृष्ण

(१५ नोव्हेंबर १९१५ – ४ डिसेंबर २०१४). भारतीय विधिज्ञ, केरळचे मंत्री व सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. जन्म पालक्काडजवळील वैद्यनाथपुरम येथे. जन्मवर्ष काही ठिकाणी १९१४ असे आढळते. तथापि न्यायाधीशाने वयाच्या ६५ व्या वर्षी निवृत्त व्हावे या संविधानातील तरतुदीनुसार ते १४ नोव्हेंबर १९८० रोजी निवृत्त झाले, हे लक्षात घेता १९१५ हेच वर्ष अधिक ग्राह्य ठरते.

वडिलांप्रमाणेच त्यांनी मलबारमधील तलश्शेरी येथे वकिली केली. कम्युनिस्टांना कायदेशीर साहाय्य दिल्याच्या आरोपावरून १९४८ मध्ये त्यांना सुमारे महिनाभर तुरुंगवास घडला. पुढे बंदिवानांच्या प्रश्नाविषयी त्यांनी जे लिहिले, त्यामागे हा अनुभव असावा. १९५७ मध्ये अपक्ष म्हणून निवडून आल्यावर ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या मंत्रिमंडळात विधी, गृह, तुरुंग आदी खाती त्यांच्याकडे होती. १९६८ मध्ये ते केरळ उच्च न्यायालयाचे आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. राजकीय पूर्वायुष्यामुळे या दुसऱ्या नेमणुकीस वकीलवर्गातून विरोध झाला होता.

जनहित याचिकेचा, म्हणजे पीडितांच्या वतीने इतरांनी लोकहितासाठी न्यायालयात दाद मागण्याच्या पद्धतीचा, उगम नेमका कोणत्या निवाड्यात मानावा, याबद्दल एकमत नाही. बिहारमधील कच्च्या कैद्यांविषयीच्या हुसैनारा खातून प्रकरणाकडे (१९७९) सामान्यतः बोट दाखवले जाते व त्याचे श्रेय न्या. पी. एन. भगवती यांना दिले जाते. परंतु त्याआधी मुंबई कामगार सभा विरुद्ध अब्दुलभाई फैजुल्लाभाई (१९७६) या निवाड्यात, मुंबईतील लहान हार्डवेअर व्यापाऱ्यांकडील कामगारांच्या बोनसचा वाद हाताळताना, प्रत्येक कामगाराऐवजी संघटनाच न्यायालयापुढे आली हा तांत्रिक आक्षेप कृष्ण अय्यर यांनी दूर सारला आणि भारतीय परिस्थितीत दाद मागण्याच्या अधिकाराचा अर्थ व्यापक घेण्यातच लोकहित आहे, असे नमूद केले. तो वाद मुळात औद्योगिक असल्याने त्यास पहिली जनहित याचिका म्हणणे काहींना मान्य नाही. हा आक्षेप रास्त असला, तरी तत्त्वाची मांडणी येथेच प्रथम स्पष्ट झाली असे दिसते. निवृत्तीच्या आदल्या दिवशी दिलेल्या खत महामंडळ कामगार संघटनेच्या प्रकरणातही त्यांनी हाच विचार विस्ताराने मांडला.

एम. एच. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या प्रकरणात अपील वर्षानुवर्षे लांबले होते. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत कैद्याच्या हाती वेळेवर पडली नाही, हे त्याचे सांगितलेले कारण होते. होस्कोट यांना त्यातून सुटका मिळाली नाही. मात्र कैद्यास निकालाची प्रत विनामूल्य देणे आणि अपिलासाठी गरज असल्यास वकील पुरवणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. मोतीराम प्रकरणात (१९७८) एका गवंड्याकडे मागितलेला दहा हजार रुपयांचा जामीन त्यांनी अवाजवी ठरवला, कारण जामिनाची रक्कम ऐपतीबाहेरची असली की गरिबाला तुरुंगातच राहावे लागते. सुनील बात्रा याने दिल्लीच्या तिहार तुरुंगातून दुसऱ्या कैद्याच्या छळाविषयी लिहिलेले पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले गेले. १९७९ च्या त्या निवाड्याने तुरुंगाच्या भिंतीआडही मूलभूत हक्क शाबूत राहतात हे ठामपणे सांगितले. बेड्यांचा सरसकट वापर त्यांनी १९८० मध्ये घटनाबाह्य ठरवला.

निवृत्तीनंतर १९८७ मध्ये त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, तीत रा. वेंकटरामन विजयी झाले. १९९९ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. कोची येथे त्यांचे निधन झाले.