अजून न आलेल्या पानावरची खूण

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी माझी भाची परवा लॅपटॉप घेऊन आली. "मामा, विंडोजवर हा प्रोग्राम हव्या त्या ओळीला थांबतो. लिनक्सवर मात्र सुसाट पुढे जातो. ब्रेकपॉइंट तर मी लावलाय!"

ब्रेकपॉइंट म्हणजे प्रोग्रामने कुठे थांबायचं त्याची खूण. ती लागलीच नव्हती. फंक्शन सापडत नाही, पुढे एखादी शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्रामनी मिळून वापरायचा तयार फंक्शनांचा संच) आली तर तेव्हा लावू का, असं जीडीबी या डीबगरने, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या साधनाने, तिला विचारलं होतं. तिने नुसतं एंटर दाबलं, आणि तिथे एंटर म्हणजे 'नको'. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओने तीच खूण पोकळ वर्तुळ म्हणून जपली आणि लायब्ररी येताच ती भरीव झाली. मॅकवरचा एलएलडीबी तर विचारतही नाही, खूण ताटकळत ठेवतो.

ब्रेकपॉइंट म्हणजे खरोखरच मेमरीत काहीतरी लिहिणं. इंटेलच्या प्रोसेसरवर डीबगर प्रोग्राममधल्या त्या सूचनेची पहिली बाइट उचलून जपून ठेवतो आणि तिथे २०४ ही बाइट लिहितो. प्रोसेसर तिथवर आला की थांबतो, आणि ऑपरेटिंग सिस्टीम डीबगरला हाक मारते. पण लिहायला पत्ता लागतो. गरज पडल्यावर उघडली जाणारी लायब्ररी सुरुवातीला मेमरीत नसतेच, आणि ती कुठे बसेल हेही आधी ठरलेलं नसतं. हल्लेखोराला अंदाज येऊ नये म्हणून तो पत्ता मुद्दाम बदलता ठेवतात.

मग ती आली हे सांगणार कोण? विंडोजवर ऑपरेटिंग सिस्टीमच डीबगरला तशी वर्दी देते. लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, मात्र लायब्ररी अशी ओळखूच येत नाही. त्याच्या लेखी एक फाइल मेमरीत आली, एवढंच. लायब्ररी जोडण्याचं काम डायनॅमिक लिंकर नावाचा छोटा प्रोग्राम करतो, तोही त्याच प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्राममध्ये, राहून. म्हणून लिंकरमध्ये एक रिकामं फंक्शन ठेवलेलं आहे. लायब्रऱ्यांची यादी बदलायच्या आधी आणि नंतर लिंकर ते बोलावतो. ते काहीच करत नाही! डीबगरने स्वतःचा गुपचूप ब्रेकपॉइंट लावावा, एवढ्यासाठीच ते आहे. ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

भाचीचा पुढचा प्रश्न खरा चांगला होता. लायब्ररीची एकच प्रत सगळे प्रोग्राम वापरतात, मग तिच्यात २०४ लिहिलं तर बाकीचेही थांबतील ना? मला आपल्या मांडवीतली सेंट्रल लायब्ररी आठवली. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून बडोद्यात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. तिथल्या एखाद्या पुस्तकात कुणी पेनाने खूण केली, तर ती पुढच्या प्रत्येक वाचकाला दिसणार. मेमरीत तसं होत नाही. डीबगर लिहायला जातो त्या क्षणी कर्नल मेमरीच्या तेवढ्याच पानाची, म्हणजे तुकड्याची, बहुधा ४०९६ बाइटांची, वेगळी प्रत त्या एका प्रोसेसला काढून देतो. मूळ पान कोरंच राहतं. जुन्या एचपी-यूएक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर ही सोय आपोआप मिळत नसे. लायब्ररी खासगी प्रत म्हणून चढवा, असं आधी सांगून ठेवावं लागे.

भाचीने पुन्हा जीडीबी सुरू केला. या वेळी प्रश्न नीट वाचला आणि 'वाय' दाबलं.