लाकडी जिन्याचे संगणकीय मॉडेलिंग

घरातल्या लाकडी जिन्याच्या पायऱ्या, त्या पेलणाऱ्या फळ्या, खांब आणि कठडा हे सगळे रेव्हिट, आर्किकॅड, स्केचअप अशा वास्तुरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये मापांसह त्रिमितीत उभे करणे, याला लाकडी जिन्याचे मॉडेलिंग म्हणतात. ब्रिटन आणि अमेरिकेत साध्या घरातला जिना आजही बहुतेक लाकडीच असतो. आपल्याकडे काँक्रीटने त्याला केव्हाच हुसकावले. तिकडच्या घरांची ड्रॉइंग करून देणारी ऑफिसे मात्र पुण्या-मुंबईतही आहेत, आणि वेस्ट स्लॅबवर, म्हणजे काँक्रीटच्या जिन्याखालच्या तिरक्या स्लॅबवर, हात बसलेल्या माणसाला पहिला अडथळा इथेच येतो: काँक्रीटचा जिना ओततात, लाकडी जिना जोडतात.

शब्द साइटवरचेच आहेत. पाऊल ठेवायची आडवी फळी म्हणजे ट्रेड, उभी फळी म्हणजे रायझर आणि ट्रेडची पुढे आलेली कड म्हणजे नोजिंग. पायऱ्या पेलणारी तिरकी फळी म्हणजे स्ट्रिंगर. ब्रिटनमध्ये तिला नुसते ‘स्ट्रिंग’ म्हणतात. जिन्याच्या पायथ्याशी, वर आणि वळणावर जो जाड खांब असतो तो न्यूएल.

उंचीचा हिशेब सॉफ्टवेअर स्वतः करते. ब्रिटिश घरातले एक नेहमीचे गणित घेऊ. मजल्यापासून मजल्यापर्यंत २,६०० मिमी, रायझर १३, म्हणजे प्रत्येकी २०० मिमी. ट्रेड मात्र १२च, कारण तेरावी पायरी म्हणजे वरचा मजला. इंग्लंडमध्ये खासगी घरातल्या जिन्याचा चढ ४२ अंशांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून २०० मिमी उंचीला ट्रेडची खोली किमान २२३ मिमी धरतात. नवखा माणूस नियमावलीत ‘उंची जास्तीत जास्त २२०, खोली कमीत कमी २२०’ असे वाचतो आणि दोन्ही टोके एकदम उचलतो. तसे केले की चढ थेट ४५ अंशांवर जातो. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घरासाठी १९० मिमी उंची आणि २५० मिमी खोली या मर्यादा आहेत, त्या मानाने इंग्लंडचा घरगुती जिना बराच उभा. दोन रायझर आणि एक ट्रेड मिळून माणसाचे एक पाऊल, हे सूत्र फ्रेंच वास्तुविद फ्रांस्वा ब्लोंदेल याच्या नावावर आहे. ते सतराव्या शतकातले, पण रेव्हिटच्या जिन्याच्या नियमांत आजही तेच बसलेले आहे.

खरी चूक होते ती दोन टोकांना. सॉफ्टवेअर दोन लेव्हलमधले, म्हणजे मॉडेलमध्ये आखलेल्या मजल्यांच्या पातळ्यांमधले, अंतर समान भागांत वाटते, पण ती लेव्हल कच्च्या मजल्याची की तयार फरशीची, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. वरच्या उदाहरणात लेव्हल कच्च्या मजल्यांच्या होत्या असे समजा. नंतर खाली २० मिमी जाडीच्या ओकच्या पट्ट्या पडल्या आणि वर १२ मिमीचे लॅमिनेट. आता पहिली पायरी १८० मिमीची आणि शेवटची २१२ची. मधल्या अकरा जागच्या जागी. स्क्रीनवर हा जिना निर्दोष दिसतो. पायाला मात्र दोन-तीन पायऱ्यांत उंचीची सवय होते आणि पुढचे पाऊल तो न बघता टाकतो, त्यामुळे माणूस अडखळतो तो नेमका शेवटच्या पायरीला. अमेरिकेच्या निवासी संहितेत एका जिन्यातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान रायझरमध्ये फक्त ९.५ मिमीचा फरक चालतो.

अमेरिकी पद्धतीत याच चुकीचा आणखी एक प्रकार आहे. तिथे ‘दोन बाय बारा’ इंची म्हणवणाऱ्या फळीत करवतीसारखे दात कापून त्यावर ट्रेड बसवतात. सगळे दात सारखे कापले आणि वर २५ मिमीचा ट्रेड ठेवला, की पहिली पायरी २५ मिमीने वाढते आणि शेवटची तेवढीच घटते. म्हणून सुतार स्ट्रिंगरच्या बुडातून ट्रेडच्या जाडीइतके लाकूड काढून टाकतो. स्केचअपमध्ये एक पायरी काढून तिच्या प्रती ओळीने मांडणाऱ्याला हे आठवले नाही, तर चूक तशीच कापणाऱ्यापर्यंत जाते.

सांध्यांच्या बाबतीत ही सॉफ्टवेअर कच्ची आहेत. ब्रिटिश जिन्यात स्ट्रिंगच्या आतल्या अंगाला साधारण १२ मिमी खोल खाच असते. ट्रेड आणि रायझर त्या खाचेत सरकवून मागून पाचरी ठोकतात. रेव्हिटचा ट्रेड स्ट्रिंगरच्या पृष्ठभागाशीच थांबतो. एकूण रुंदी ८६० मिमी आणि स्ट्रिंग ३२ मिमीची असेल, तर मॉडेलमधला ट्रेड ७९६ मिमीचा निघतो आणि खऱ्या फळीला ८२० लागतात. म्हणजे मॉडेलमधून थेट काढलेल्या लाकडाच्या यादीतली प्रत्येक पायरी आखूड. न्यूएलचे त्याहून विचित्र आहे. सुतारासाठी तो जिन्याचा कणा असतो, स्ट्रिंगचे कूस, म्हणजे टोकाला कापलेली सांध्याची जीभ, त्यातच बसते. रेव्हिटसाठी तो रेलिंगचा एक खांब, आणि रेलिंग ही जिन्यापासून वेगळी वस्तू. त्यामुळे खांब स्ट्रिंगमधून आरपार जातो आणि तेवढे लाकूड दोनदा मोजले जाते. जिन्यासाठी वरच्या स्लॅबला भोकही रेव्हिट आपणहून पाडत नाही. ते वेगळे काढावे लागते आणि डोक्यावरची मोकळी उंची, इंग्लंडमध्ये २ मीटर, तिथेच तपासावी लागते.

रेव्हिटच्या २०१३च्या आवृत्तीत पायऱ्यांची रांग, लँडिंग आणि आधार हे सुटे घटक झाले. आर्किकॅडला २०१७मध्ये २१व्या आवृत्तीत नवे जिना-साधन मिळाले. तरी कारखाने वास्तुविदाच्या मॉडेलवरून सहसा थेट लाकूड कापत नाहीत. ते स्टेअरकॉनसारख्या खास जिन्याच्या प्रोग्रॅममध्ये जिना पुन्हा मांडतात. खाचा, कुसे आणि सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापणी यंत्राचा मार्ग त्यातून निघतो. तेव्हा वास्तुविदाच्या मॉडेलने जागा, चढ, डोक्यावरची उंची आणि तयार फरशीच्या लेव्हल चोख द्याव्यात, एवढे पुरे. खाचा रंगवत बसण्यात वेळ जातो.

जुन्या वाड्यातला अरुंद, उभा, दोर धरून चढायचा सागवानी जिना नोंदवायचा असेल, तर जिन्याचे तयार साधन फारसे कामाचे नाही. ते सगळ्या पायऱ्या समान गृहीत धरते. वाड्यातल्या पायऱ्या झिजलेल्या, कललेल्या, कुठे एखादी मागाहून बदललेली. तिथे प्रत्येक फळी मोजून सुटी काढावी लागते.