बोन मॅरो ट्रान्सप्लांट: बंद खोलीतली मुलं

बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हटलं की ऑपरेशन थिएटर डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात ज्या मुलाला मज्जा, म्हणजे हाडांच्या आतला रक्तपेशी तयार करणारा मऊ भाग, मिळते त्याला कुठेही चिरावं लागत नाही. दात्याच्या मूळपेशींची, म्हणजे ज्यांपासून रक्तपेशी बनतात त्या पेशींची, पिशवी सलाइनसारखी टांगतात. छातीत बसवलेल्या नळीतून त्या रक्तात उतरतात आणि हाडांमधली आपली जागा आपणच शोधतात. वॉर्डात या दिवसाला ‘डे झिरो’ म्हणतात. कित्येक मुलं तेव्हा कार्टून बघत असतात.

कस लागतो तो आधी आणि नंतर. आधी आठवडाभर तीव्र केमो देऊन जुनी मज्जा संपवतात. नवी रुजून पांढऱ्या पेशी दिसू लागायला साधारण दोन ते चार आठवडे जातात. तोवर जंतूंशी लढायला अंगात जवळजवळ काहीच नसतं, म्हणून गाळलेल्या हवेची खोली आणि सोबत एकच माणूस, बहुधा आई. केस गळतात. तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोलवटतं, लाळ गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं. मॉर्फिन द्यावं लागतं. मुलांच्या त्रासाच्या नोंदी पाहिल्या तर पेशी दिल्यानंतरचे पहिले एक-दोन आठवडे सर्वांत कठीण असतात. पुढे त्रास उतरत जातो आणि काही महिन्यांत बहुतेक मुलं मनाने सावरतात. ही गोष्ट पालकांना आधीच सांगितली पाहिजे, कारण त्या दिवसांत हे असंच राहणार असं वाटतं.

भीती वयागणिक वेगळी असते. तीन-चार वर्षांच्या मुलाला मरणाची कल्पना नसते, त्याला आई नजरेआड होण्याची धास्ती असते. सहा-सात वर्षांचं मूल मनात हिशोब मांडतं: मी हट्ट केला म्हणून मला हे झालं का? ते बोलून दाखवत नाही, म्हणून मोठ्यांनीच स्पष्ट सांगायचं, ‘तुझ्या वागण्यामुळे हे झालेलं नाही.’ किशोरवयीन मुलांना आरशातला चेहरा आणि तुटलेले मित्र जास्त सलतात.

‘काही दुखणार नाही’ हे वाक्य मात्र कुणीच उच्चारू नये. सुई टोचली की ते खोटं ठरतं आणि मूल पुढच्या खऱ्या शब्दावरही विश्वास ठेवत नाही. ‘थोडं दुखेल, मी हात धरते’ हे बरं. आणि जिथे शक्य तिथे निवड त्याच्यावर सोडावी: आधी कुठली गोळी, गुळण्या आत्ता की गोष्ट संपल्यावर. सगळंच दुसरे ठरवत असताना एवढ्याशा हक्कानेही मूल शांत होतं. रोजचा काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा, भिंतीवरच्या कागदावर स्वतः लिहिणारी मुलं असतात. आकडा शून्यावरून हलला की खोलीतल्या सगळ्यांना हायसं वाटतं.

भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी होती आणि मज्जा दिली तिच्या भावाने. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आज आईवडिलांची अर्धी जुळणारी मज्जाही चालते, तरी पहिला शोध भावंडांतच घेतात. दाता होणारं मूलही लहानच असतं. भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, काही दिवस पाठ दुखते, आणि घरात सगळ्यांचं लक्ष दुसऱ्याकडे असतं. पेशी रुजल्या नाहीत किंवा नव्या पेशींनी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यावर हल्ला चढवला, तर ‘माझीच मज्जा वाईट होती’ असं ते धरून बसतं. त्यालाही जवळ बसवून, तो दोष त्याचा नाही हे ट्रान्सप्लांटच्या आधीच सांगायला हवं.