जि.प. शाळेसाठी पालकांनी निधी गोळा करायचाय? पैसे मागायच्या आधी हे कागद बघा

वर्गाचं छत गळतंय, गावातले लोक द्यायला तयार आहेत, पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली पोरं पण ग्रुपवर म्हणतात नंबर टाका लगेच पाठवतो, आणि तरी काम अडतं. बहुतेक ठिकाणी पैसे कमी पडले म्हणून नाही, तर कागद उलट्या क्रमाने झाले म्हणून. आधी पैसे गोळा केले, मग खातं शोधलं, मग ठराव लिहिला. तपासणीला किंवा देणगी देणाऱ्या कंपनीला पहिल्यांदा दिसते ती हीच गोष्ट.

आधी कोणाला अधिकार आहे ते बघू. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. शाळा विकास आराखडा करणं आणि सरकारकडून किंवा इतर कुठूनही आलेल्या पैशाचा वापर नीट होतो की नाही ते बघणं, हे समितीचं कायद्यात लिहिलेलं काम आहे. म्हणजे तुम्ही पालक म्हणून कोणावर उपकार मागत नाही, तो तुमचा हक्कच आहे. खाजगी शाळेतला पालक-शिक्षक संघ वेगळा, तो महाराष्ट्रात २०११ च्या फी नियमन कायद्याखाली येतो आणि त्याचा मुख्य विषय फी, त्यामुळे तिथले नियम इकडे लावू नका.

आता ठराव. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. इतिवृत्ताच्या वहीत "शाळेच्या विकासाबाबत चर्चा झाली" एवढंच लिहिलेलं असतं आणि खाली सह्या. याला ठराव म्हणत नाहीत हो. असं लिहा: "इयत्ता तिसरी व चौथीच्या वर्गखोल्यांच्या छताच्या दुरुस्तीसाठी स्वेच्छेने लोकवर्गणी स्वीकारावी, ती समितीच्या बँक खात्यातच जमा करावी व खर्च समितीच्या मंजुरीने करावा." त्याखाली सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर, आणि सह्या त्याच सभेत, त्याच तारखेला. घरोघरी वही फिरवून नंतर सह्या घेतल्या की एखादी सही अशा माणसाची निघते जो त्या दिवशी गावातच नव्हता, आणि मग अख्ख्या वहीवर संशय येतो.

"स्वेच्छेने" हा शब्द शोभेला नाहीये. "प्रत्येक पालकाने ५०० रुपये सक्तीचे" असा मेसेज ग्रुपवर गेला की तक्रारीला तोच पुरावा होतो. आणि प्रवेशाशी जोडून पैसे मागितले तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ खाली घेतलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत दंड आहे. ज्या घरातून पैसे येणार नाहीत त्यांची नावं फळ्यावर लिहू नका, त्या घरातलं पोर त्याच वर्गात बसलेलं असतं.

खातं. समितीचं खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या जोडसहीचं असतं. पण अध्यक्ष पालकांमधला, त्याचं मूल चौथी पास होऊन गेलं की तो पालक सदस्य राहत नाही, मुख्याध्यापकांची बदली होते, आणि बँकेत सही मात्र दोघांचीही जुनीच. त्यात दोन वर्ष व्यवहार झाला नाही तर बँक खातं निष्क्रिय करते. म्हणून निधीचा विषय काढायच्या आधी नवीन सह्यांचा ठराव, दोघांचं केवायसी आणि बँकेने मागितलं तर पॅन हे उरकून घ्या. सरकारी अनुदानाच्या खात्यात लोकवर्गणी मिसळू नका. आणि कृपा करून शिक्षकांच्या गुगल पे वर पैसे मागवू नका. माणूस कितीही सज्जन असला तरी चौकशी त्याचीच लागते आणि गावात नाव खराब होतं ते कायमचं. चांगल्या शिक्षकांना असं अडकताना बघून खरंच वाईट वाटतं.

मग तो कागद जो कोणाकडेच नसतो. कंपनीचा सीएसआर निधी (कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो) हवा असेल किंवा बांधकाम असेल तर विचारतात शाळेची जागा कोणाच्या नावावर. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणा शेतकऱ्याने तोंडी दिलेली जागा, बक्षीसपत्र झालेलं नाही, सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. नातवंडांची हरकत नसते, पण फेरफाराला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात आणि एक सुरतला तर एक सासरी नांदेडला. जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा मिळतो का ते आधी बघा, बऱ्याच वेळा त्यावर भागतं. नाहीतर वारसांना गाठायला आजच सुरुवात करा, हे काम महिन्यात होत नाही.

जुनी खोली पाडायची असेल तर निर्लेखन (मालमत्ता नोंदीतून रीतसर कमी करणं) मंजूर झाल्याशिवाय एक वीट हलवू नका. इमारत जिल्हा परिषदेची मालमत्ता आहे, ती मोडकळीला आली तरी. अभियंत्याचं अंदाजपत्रक, समितीचा ठराव, फोटो, आणि प्रस्ताव केंद्रप्रमुख ते गटशिक्षणाधिकारी ते जिल्हा परिषद असा वर जातो. तिकडे तो महिनोन्‌महिने पडून राहतो आणि इकडे पोरं व्हरांड्यात बसतात, यावर संताप येतो तो रास्त आहे. पण मंजुरीशिवाय पाडलं तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागतं, म्हणून पोच घेतलेली प्रत जपून ठेवा आणि लेखी स्मरणपत्रं देत रहा.

काही पालक म्हणतात आपण वेगळी संस्थाच काढू. काढा, पण समजून. नोंदणी नसलेल्या गटाला वर्गणी मागायच्या आधी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी लागते, गणपती मंडळं घेतात तीच. कायमची संस्था हवी तर किमान सात सदस्य, नियमावली, ओळखपत्रं, कार्यालयाच्या जागेचं मालकाचं संमतीपत्र. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी झाली की लोक निवांत होतात, तिथेच फसतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचा अर्ज तीन महिन्यांच्या आत वेगळा करायचा असतो.

आणि बदल अर्ज. कार्यकारिणीत कोणी आलं किंवा गेलं की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं, आणि हे ९० दिवस बदल झाल्या तारखेपासून मोजतात, पुढच्या सभेपासून नाही. नियमावलीत "सदस्य चालू विद्यार्थ्याचाच पालक असावा" असं लिहिलं असेल तर दर जूनला कोणाचं तरी मूल शाळा सोडणार आणि दरवेळी बदल अर्ज. एकदा राहिला की पुढचे सगळे लटकतात. त्यामुळे नियमावली लिहितानाच माजी विद्यार्थी आणि गावातली जाणती माणसं कार्यकारिणीत घ्या.

देणगीदार ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, विचारतातच. समितीची साधी पावती म्हणजे ८०जी ची पावती नाही, त्यासाठी नोंदणीकृत संस्थेला आयकर विभागाची मान्यता लागते, हे पैसे घ्यायच्या आधीच सांगून टाका. मान्यता असली तरी २००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही. देणगीदारांची यादी आयकर विभागाला ३१ मे पर्यंत द्यायची असते, रिटर्नबरोबर जुलैमध्ये देऊ म्हणून थांबलात तर उशीर झालेला असतो.

पैशाऐवजी वस्तू देणारा कोणी असेल, म्हणजे पंखे, कपाट, टीव्ही, तर केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल आहे, शाळेचा यूडायस नंबर (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) टाकून नोंदणी होते. वस्तू आली की त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) चढवा, देणाऱ्याच्या नावासकट. नोंद नसलेला टीव्ही चोरीला गेला तर तक्रार देताना तो शाळेचा होता हेच दाखवता येत नाही.