पाच व्हीव्हीपॅट: पडताळणी नेमकी कशाची?

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला. मालेगाव मध्यमध्ये विजयाचे अंतर होते १६२ मतांचे, शिरपूरमध्ये १,४५,९४४ मतांचे. दोन्हीकडे सोडत काढून प्रत्येकी पाच व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कुणाला गेले ते कागदी चिठ्ठीवर छापून दाखवणारी यंत्रे, निवडले गेले, त्यांच्या पेटीतल्या कागदी चिठ्ठ्या हाताने मोजल्या गेल्या आणि ईव्हीएमच्या (मतदान यंत्राच्या) मते साठवणाऱ्या कंट्रोल युनिटमधल्या आकड्यांशी ताडून पाहिल्या गेल्या. राज्यात २८८ मतदारसंघ, म्हणून अशी १,४४० यंत्रे. कुठेही तफावत निघाली नाही, असे निवडणूक यंत्रणेने जाहीर केले. शंका मात्र मिटली नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी ३ डिसेंबरला गावातच मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते मतदान झाले नाही.

एक बाजू म्हणते, सगळी यंत्रे जुळली, आता आणखी काय हवे? दुसरी म्हणते, लाखाहून अधिक मतदान केंद्रांतली १,४४० म्हणजे जेमतेम दीड टक्का, एवढ्याने काय कळणार? मला दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर वाटते. वाद आकड्याचा नाहीच. त्या आकड्याला आपण कोणता प्रश्न विचारतो, त्यावर सगळे अवलंबून आहे.

आधी तपासणीच्या बाजूचे गणित पाहू. समजा राज्यातल्या दर शंभर यंत्रांपैकी दोन यंत्रे चुकीची मोजणी करतात. डोळे मिटून एक यंत्र उचलले तर ते चांगले निघण्याची शक्यता ०.९८. दोन उचलली तर दोन्ही चांगली निघण्याची शक्यता ०.९८ गुणिले ०.९८. असे गुणत गेलो की ही संख्या फार झपाट्याने घसरते. १,४४० यंत्रे तपासूनही एकही बिघडलेले हाती न लागण्याची शक्यता उरते सुमारे चार लाख कोटींत एक. म्हणजे राज्यभर सरसकट दोन टक्के यंत्रांत घोळ असता तर तो या तपासणीत सापडलाच असता. या हिशेबात एकूण यंत्रे एक लाख आहेत की दहा लाख, याने जवळपास काहीच फरक पडत नाही. नमुना एकूण संख्येच्या किती टक्के आहे याला महत्त्व नसते, तो मुळात किती मोठा आहे याला असते. ‘फक्त दीड टक्का’ हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही.

हेच गणित २०१९ मध्ये निवडणूक आयोगाने सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवले होते. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या दिल्ली केंद्रामार्फत झालेल्या आणि संख्याशास्त्रज्ञ राजीव करंदीकर ज्यात होते अशा समितीच्या अहवालात म्हटले होते की, देशातल्या १०.३५ लाख यंत्रांतून कुठलीही ४७९ तपासली आणि सगळी जुळली, तर सदोष यंत्रे दोन टक्क्यांहून कमी आहेत असे ९९.९९३६ टक्के खात्रीने म्हणता येते. हा आकडा कॅल्क्युलेटरवर कुणीही पडताळू शकतो: ०.९८ स्वतःशीच ४७९ वेळा गुणायचा आणि उत्तर एकातून वजा करायचे. त्या वेळी २१ विरोधी पक्षांची मागणी ५० टक्के व्हीव्हीपॅट मोजण्याची होती. न्यायालयाने ८ एप्रिल २०१९ रोजी विधानसभा क्षेत्रामागे एकाऐवजी पाच असा आदेश दिला.

पण निवडणूक देशाची किंवा राज्याची एकत्र होत नाही. ती मतदारसंघागणिक होते आणि निकालही तसाच लागतो. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरे, पण ती त्याच भांड्यातल्या भाताची. शिरपूरच्या पाच पेट्या मालेगावबद्दल काहीही सांगत नाहीत.

आता एकच मतदारसंघ घेऊ आणि त्यात ३५० केंद्रे आहेत असे धरू. त्यातली दोन टक्के, म्हणजे सात यंत्रे चुकीची असतील तर पाचांच्या तपासणीत त्यांतले किमान एक सापडण्याची शक्यता जेमतेम दहा टक्के आहे. ती ९५ टक्क्यांवर न्यायची तर सुमारे १२० यंत्रे उघडावी लागतील. इथे राज्याच्या पातळीवरचे चार लाख कोटी कामाला येत नाहीत.

यापुढचा हिशेब निव्वळ गणिताचा आहे. त्यावरून या दोन जागांवर काही गैर घडले असा अर्थ कृपया कुणी काढू नये. एक मत एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे सरकले की अंतर दोनाने बदलते. त्यामुळे १६२ मतांचा निकाल फिरायला ८२ मते पुरतात, आणि एवढी मते एकाच केंद्रावर मावतात. ३५० पैकी पाच पेट्यांत नेमके ते एक केंद्र येण्याची शक्यता सत्तरात एक. शिरपूरचे अंतर कापायला जवळपास ७३,००० मते इकडची तिकडे व्हावी लागतील. एका यंत्रात ३०० मते फिरली असे मानले तरी २४४ यंत्रे लागतात. इतकी यंत्रे बिघडलेली असताना पाचांपैकी एकही हाती न लागणे जवळपास अशक्य. सापडण्याची शक्यता सुमारे ९९.८ टक्के. शिरपूरला पाच पेट्या भरपूर झाल्या. मालेगावात त्याच पाचांना त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची ताकदच नव्हती. दोन्हीकडे नियम मात्र एकच.

अमेरिकेत बर्कली विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी २००७-०८ च्या सुमारास याच अडचणीवर काम केले. त्यांच्या पद्धतीत नमुन्याचा आकार आधी ठरलेला नसतो. आधी ठरतो तो धोका: जाहीर झालेला विजेता चुकीचा असेल, तर ती चूक तपासणीतून निसटण्याची शक्यता जास्तीत जास्त किती चालेल? समजा पाच टक्के. मग कागद मोजायला घ्यायचे आणि निसटण्याची शक्यता पाच टक्क्यांखाली येईपर्यंत मोजतच राहायचे. अंतर मोठे असेल तर काम लवकर आटोपते. अंतर अगदी थोडे असेल किंवा मोजताना तफावती निघू लागल्या, तर मोजणी वाढत वाढत सगळ्या मतांपर्यंत जाते. कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून ही पद्धत राज्यभर लागू केली. कोणते कागद तपासायचे ते ठरवणारा वीस आकडी क्रमांक तिथे दहा बाजूंचे फासे सगळ्यांदेखत टाकून काढतात. २०२० मध्ये जॉर्जियात अध्यक्षपदाचे अंतर इतके कमी होते की सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या गेल्या. त्यात फ्लॉइड काउंटीत मोजायच्या राहून गेलेल्या सुमारे २,६०० मतपत्रिका सापडल्या. चूक सापडली, दुरुस्त झाली, विजेता तोच राहिला.

याउलट ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत जे झाले ते प्रत्येक निवडणूक अधिकाऱ्याने अभ्यासावे असे आहे. २०२१ मध्ये तिथल्या राज्य सिनेटमधल्या रिपब्लिकन नेत्यांनी २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या २१ लाख मतपत्रिकांच्या तपासणीचे काम सायबर निन्जाज या कंपनीला दिले. अशा तपासणीचा तिला अनुभव नव्हता. पहिल्याच दिवसांत मोजणीच्या जागी निळ्या शाईची पेने दिसली. तिथले स्कॅनर निळी शाई वाचतात, म्हणून मतपत्रिकांजवळ ती आणायचीच नसतात. कार्यपद्धती काम चालू असताना बदलत गेली. सप्टेंबरमध्ये अहवाल आला: बायडेन यांची ९९ मते वाढली, ट्रम्प यांची २६१ कमी झाली. निकाल तोच राहिला, पण त्या तपासणीने कुणाचे मन बदलले नाही. २१ लाख कागद मोजूनही विश्वास मिळाला नाही, कारण काय आढळल्यावर काय करायचे हे आधी ठरलेले नव्हते.

आपल्याकडचा कच्चा दुवा मला इथेच दिसतो. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या आणि यंत्राचा आकडा जुळला नाही, तर चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरायची, असे १९६१ च्या निवडणूक नियमांतला ५६ड हा नियम सांगतो. हे चांगलेच आहे. पण तो त्या एका केंद्राचा आकडा सुधारून थांबतो. पाचांत एक तफावत निघाली तर उरलेल्या ३४५ पेट्यांचे काय करायचे, यावर नियम गप्प आहे. तफावत नेहमी लबाडीतूनच येते असेही नाही. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या मैदुकुरमध्ये एका केंद्रावर आकडे जुळले नाहीत, तेव्हा मॉक पोलची, म्हणजे मतदानाआधी यंत्र तपासायला घेतलेल्या चाचणी मतदानाची, नोंद पुसायची राहिल्याचे आढळले होते. असे कारण असो वा दुसरे काही, ते शोधायला मोजणी पुढे न्यावी लागते.

मारकडवाडीचा प्रश्न रास्त होता, पण निवडलेला मार्ग तो सोडवू शकला नसता. पुन्हा घेतलेले मतदान हे नवे मतदान असते. पहिल्या दिवशी आलेले काही जण येत नाहीत, काहींचे मत बदललेले असते, आणि आता सगळे जग बघत असते. २० नोव्हेंबरला यंत्राने काय नोंदवले ते कळायचे तर त्याच दिवशीचा पुरावा हवा, आणि तो त्या केंद्राच्या व्हीव्हीपॅटच्या पेटीत होता. मतदाराने ती चिठ्ठी काचेआडून सात सेकंद पाहिलेली असते. खरोखर पाहिलेली असली तरच तिला पुरावा म्हणून वजन येते, म्हणून मतदान करताना ती नक्की पाहा.

२६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना मात्र प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांची मेमरी तपासून घेण्याची मुभा दिली. खर्च उमेदवाराचा, अर्ज निकालानंतर सात दिवसांत. पुढे ही तपासणी कशी करायची यावरही वाद झाला आणि तपासताना यंत्रातली माहिती पुसू नका, असे न्यायालयाला फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगावे लागले. या वाटेने मेमरी तपासली जाते, कागद मोजला जात नाही.

सगळे कागद सगळीकडे मोजा, अशी माझी मागणी नाही. शिरपूरसारख्या ठिकाणी त्याने काहीच साधणार नाही. अंतर जितके कमी तितक्या पेट्या जास्त, आणि तफावत निघाली की पुढच्या पेट्या आपोआप, एवढी तरतूद नियमात हवी. एका व्हीव्हीपॅटच्या मोजणीला साधारण तासभर लागतो असे आयोगच सांगत आला आहे. मालेगाव मध्यसारख्या अटीतटीच्या जागी ३५० च्या ३५० पेट्या उघडाव्या लागल्या, तरी १४ टेबलांवर ते २५ तासांचे काम आहे.