बनावट माल आणि डिझाईनची नक्कल: एक चोरी नावाची, दुसरी रेषेची

"सेम टू सेम आहे, फक्त नाव वेगळं." प्रसिद्ध ब्रँडसारखी बॅग विकणारा हे उजळ माथ्याने सांगतो. यात काही चुकीचं आहे असं ना त्याला वाटत, ना घेणाऱ्याला. उलट "नाव वेगळं आहे ना, मग कसली चोरी?" असाच सूर असतो.

दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव किंवा लोगो लावून बॅग विकली, तर तो बनावट माल. बाजारात त्यालाच डुप्लिकेट किंवा 'फर्स्ट कॉपी' म्हणतात. त्याच बॅगेचा आकार, झाकणाचा बाक, शिलाईची वळणं जशीच्या तशी उचलली आणि वर स्वतःचं नाव लावलं, तर ती डिझाईनची नक्कल. बोलताना आपण दोन्हींना 'कॉपी' म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. बनावट माल कुणी बनवला याबद्दल खोटं सांगतो. नक्कल तसं खोटं सांगत नाही, गिऱ्हाइकाला सगळं समोर दिसत असतं. नुकसान होतं ते फक्त ज्याने ती रेष पहिल्यांदा काढली त्याचं, आणि तो त्या दुकानात हजर नसतो.

कायद्यानेही दोघांसाठी दोन वेगळी दारं ठेवली आहेत. नावाची, चिन्हाची राखण ट्रेडमार्क करतो. ठरावीक मुदतीने, बहुतेक ठिकाणी दर दहा वर्षांनी, नूतनीकरण करत राहिलं की तो कितीही काळ टिकतो. वस्तूच्या रूपाची राखण डिझाईन नोंदणी करते आणि तिला शेवट असतो: युरोपीय संघात जास्तीत जास्त २५ वर्षं, अमेरिकेत १५, भारतात १० अधिक ५. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेवरच्या करारानुसार, व्यापारी प्रमाणावर जाणूनबुजून केलेली ट्रेडमार्कची बनावट हा फौजदारी गुन्हा ठरवणं सदस्य देशांना बंधनकारक आहे. डिझाईनसाठी तशी सक्ती नाही. ब्रिटनने २०१४ मध्ये आपणहून नोंदणीकृत डिझाईनची मुद्दाम केलेली नक्कल गुन्हा ठरवली, पण एरवी डिझायनरला बहुधा स्वतःच्या खर्चाने दिवाणी दावा लढावा लागतो. नाव चोरलं तर छापा पडू शकतो. रेष चोरली तर वकील शोधा. हा भेद मला आजही पटत नाही.

मी कापडावर छापायच्या नक्षी काढते. काही वर्षांपूर्वी एका खरेदीदाराला वेलीची एक नक्षी दाखवली होती. त्यांनी सॅम्पल ठेवून घेतलं, "कळवतो" म्हणाले आणि पुढे काहीच कळवलं नाही. वर्षभराने तीच वेल दुसऱ्याच नावाच्या कापडावर दिसली. रंग बदलले होते, पानं जरा जाड केली होती. मी ते कापड उलगडून नक्षीचा जोड शोधला. छपाईत एकच चौकट पुन्हा पुन्हा येते, आणि जिथे दोन चौकटी मिळतात तिथे वेलीची टोकं जुळावी लागतात. माझ्या मूळ चित्रात त्या जोडापाशी एक चूक राहिली होती: एक तंतू वळून पानामागे जायला हवा होता, तो मध्येच संपला होता. त्या कापडावरही तो तंतू बरोबर तिथेच संपत होता.

चूक कुणी योगायोगाने काढत नाही. माझ्यासाठी तेवढा पुरावा पुरेसा होता. पण मी नक्षीची नोंदणी केली नव्हती, आणि कापडावर माझं नाव नव्हतं म्हणून बनावट मालाची तक्रारही बसत नव्हती.

अर्थात नोंदणी केली म्हणजे निश्चिंत झालो असंही नाही. रॉब लॉ या ब्रिटिश डिझायनरची 'ट्रंकी' ही लहान मुलांनी वर बसून ओढत न्यायची चाकांची सूटकेस. तिचं डिझाईन २००३ मध्ये नोंदवलेलं होतं. पुढे दुसऱ्या कंपनीने तशीच स्वस्त सूटकेस आणली. ट्रंकी पाहूनच तिची कल्पना सुचली, हे न्यायालयानेही म्हटलं. तरी २०१६ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात ट्रंकी हरली. कारण नोंदणीसोबत दिलेली चित्रं! ती संगणकावर काढलेली, छटा भरलेली होती. त्यांत अंग एका छटेचं आणि चाकं, पट्टा गडद. न्यायालयाने धरलं की नोंदणी या छटांसकट झाली आहे, आणि त्यातून शिंगं असलेल्या प्राण्याचा जो एकूण ठसा उमटतो तो समोरच्या सूटकेसवरच्या पट्ट्या-ठिपक्यांच्या रूपापेक्षा वेगळा आहे. मुलाने बसायची सूटकेस ही कल्पना हुशारीची आहे हे न्यायमूर्तींनी मान्य केलं, पण डिझाईनचा हक्क कल्पनेला मिळत नाही, रूपाला मिळतो. म्हणून फक्त आकार राखायचा असेल, तर छटा न भरता नुसत्या रेषांची चित्रं देण्याचा सल्ला जाणकार देतात. अर्जाला कसं चित्र जोडलं यावर वर्षांची मेहनत टिकते की जाते हे ठरतं, आणि बहुतेक डिझायनर तो अर्ज घाईत भरतात.

कधीकधी ही दोन दारं एकमेकांत उघडतातही. कोका-कोलाच्या कमरेला निमुळत्या बाटलीला अमेरिकेत १९१५ मध्ये डिझाईन पेटंट, म्हणजे तिथली डिझाईन नोंदणी, मिळालं. त्याला मुदत होती. पण लोकांच्या मनात तो आकारच नावासारखा बसला आणि १९६० मध्ये तिथेच बाटलीची ट्रेडमार्क म्हणून नोंद झाली. मात्र त्यासाठी मध्ये दशकांची जाहिरात आणि विक्री लागली. एकट्या डिझायनरला ही वाट परवडत नाही.

त्याच्या हातात असते ती वेळ. डिझाईन 'नवं' असेल तरच नोंदवता येतं, आणि सोशल मीडियावर फोटो टाकला की ते जगजाहीर झालं. युरोपीय संघात आणि अमेरिकेत त्यानंतरही एक वर्षाची सवलत असते; भारतात अशी सरसकट सवलत नाही. तेव्हा आधी अर्ज, मग फोटो. एका देशात अर्ज केला की त्याच तारखेच्या आधारावर सहा महिन्यांत इतर देशांतही करता येतो. ही सोय औद्योगिक मालमत्तेच्या संरक्षणासाठी झालेल्या जुन्या पॅरिस करारातली आहे.

आणि पैशांचं काय? कापडाचे, रंगाचे, छपाईचे पैसे मीटरवर मोजून देणारा माणूस चित्राच्या वेळी सहज म्हणतो, "एका दिवसाचं तर काम आहे." त्या वेलीचं शेवटचं चित्र खरंच एका दिवसात झालं होतं. त्याआधीची तीस-एक पानं मी टाकून दिली होती, आणि कुठलं पान टाकायचं हे कळायला कित्येक वर्षं गेली होती. लोगोला किंमत असते हे आता सगळ्यांना पटलंय, कारण त्याच्यामागे कंपनी उभी असते. रेषेमागे एकच माणूस असतो, म्हणून ती फुकटची वाटते. कितीतरी घरांतली गुणी मुलं चित्रकला सोडून देतात ती हात चालत नाही म्हणून नव्हे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता मी सॅम्पल देण्याआधी दोन ओळींचा कागद पुढे करते: नक्षी पाहण्यासाठी दिली आहे, वापरायची असेल तर मोबदला इतका, आणि हक्क कुणाकडे. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण सांगून करून घेतलेल्या कामाचा मालक कोण, याचं उत्तर देशागणिक बदलतं. काही खरेदीदार तो कागद पाहून उठून जातात. जे सही करतात, त्यांच्याशी रंगांबद्दल, जोडाबद्दल मोकळेपणी बोलता येतं.