अंतःप्रज्ञा

अंतःप्रज्ञा : तर्काच्या पायऱ्या न चढता मनात एकाएकी उमटणारे आणि खात्रीचे वाटणारे ज्ञान. बोलीत याला ‘आतला आवाज’ किंवा ‘मनाचा कौल’ म्हणतात. धोक्याची चाहूल असेल, तर मनात पाल चुकचुकते. संस्कृत दर्शनांतील नाव प्रातिभ ज्ञान. सहजप्रवृत्तीशी तिची नेहमी गल्लत होते. अर्भक स्तनपान करते ती सहजप्रवृत्ती, जन्माबरोबर आलेली. अंतःप्रज्ञा बहुतांशी कमावलेली असते. ती कधी आणि कशी कमावली, तेवढे आठवत नाही.

वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांच्या मते असे ज्ञान मुख्यतः ऋषींना होते, क्वचित सामान्यांनाही. त्यांचे उदाहरण एका मुलीचे आहे. ती म्हणते, ‘उद्या माझा भाऊ येणार, माझे हृदय सांगते आहे.’ उदाहरण गोड आहे, पण त्यातच मेख आहे. भाऊ आला, तर हे वाक्य घरात वर्षानुवर्षे सांगितले जाते. नाही आला, तर दुसऱ्या दिवशी ते कोणाच्या लक्षातही राहत नाही. पूर्वसूचनांच्या कितीतरी कथा अशा एकतर्फी हिशेबावर उभ्या आहेत.

तरीही अंतःप्रज्ञा हा निव्वळ भास नव्हे, आणि याचा सर्वांत स्वच्छ पुरावा बुद्धिबळाच्या पटावर मिळतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये खेळाडूंना खऱ्या डावातील पट ५ सेकंद दाखवून तो आठवणीने मांडायला सांगितला. सुमारे २५ मोहऱ्यांपैकी निष्णात खेळाडूने १६ अचूक ठेवले, नवख्याने ४. मग मोहरे वाटेल तसे विखरून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा निष्णाताची आघाडी जवळजवळ संपली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अचाट नव्हती. हजारो डाव खेळून मोहऱ्यांच्या मांडण्या ओळखीच्या झाल्या होत्या. सायमन यांनी पुढे अंतःप्रज्ञेची व्याख्याच ‘ओळख पटणे’ अशी केली.

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन दलाच्या प्रमुखांचा अभ्यास केला, त्यातूनही हेच दिसले. एका घराच्या स्वयंपाकघरातील आग पाणी मारूनही हटेना. खोली अपेक्षेपेक्षा जास्त तापलेली, आवाज मात्र कमी. प्रमुखाने कारण न कळताच माणसे बाहेर काढली आणि लगेच जमीन खचली. आग खाली तळघरात होती. स्वतः प्रमुखाला हा अतींद्रिय शक्तीचा प्रकार वाटला होता!

चुकीचा कौलही इतक्याच खात्रीने येतो. तळ्यातील कमळपानांचा पसारा रोज दुप्पट होतो आणि ४८ व्या दिवशी तळे पूर्ण झाकले जाते. अर्धे कधी झाकले होते? मन चटकन २४ म्हणते. उत्तर ४७ आहे. गणिती रामानुजन यांनी १९१३ मध्ये इंग्रज गणिती हार्डी यांना सिद्धतेविना पाठवलेली अनेक सूत्रे खरी निघाली, पण त्याच पत्रव्यवहारातील मूळ संख्यांविषयीचे दावे चुकले. आतून येणाऱ्या खात्रीच्या जोरावरून खरे-खोटे निवडता येत नाही, हे सर्जनशील गणितालाही लागू पडते.

मग निवडायचे कशावरून? अंतःप्रज्ञेविषयी साशंक असलेले मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन आणि तिचे पाठीराखे क्लाइन यांनी एकत्र बसून २००९ मध्ये दोन अटी मांडल्या : ज्या क्षेत्राविषयी कौल आहे त्यात टिकाऊ नियमितपणा हवा, आणि तो शिकायला पुरेसा सराव व चुकीची वेळीच जाणीव हवी. भूल देणाऱ्या डॉक्टरला आपल्या कृतीचा परिणाम काही क्षणांत दिसतो. क्ष-किरण प्रतिमा वाचणाऱ्याला आपले निदान बरोबर होते की नाही, हे पुष्कळदा कळतच नाही. अनुभवाची वर्षे दोघांचीही सारखीच भरतात. शेअरबाजारात कोणता शेअर चढेल किंवा दूरच्या भविष्यात राजकारण कुठे जाईल, याविषयीच्या कौलाला पहिल्या अटीतच आधार उरत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्येच दाखवले होते, की माणसाच्या वर्तनाविषयी भाकिते करताना साधी सांख्यिकीय सूत्रे अनुभवी तज्ज्ञांची बरोबरी करतात किंवा त्यांना मागे टाकतात. तज्ज्ञांना ते फारसे रुचले नाही.

कानेमन यांचा स्वतःचा एक अनुभव मात्र दुसऱ्या बाजूचा आहे. इस्रायली सैन्यात तरुणपणी त्यांनी भरतीच्या मुलाखतींची पद्धत बदलली : एकंदर छाप पाहून मत देण्याऐवजी सहा गुणविशेषांबद्दल ठरलेले प्रश्न विचारायचे आणि प्रत्येकाला वेगळे गुण द्यायचे. मुलाखतकार चिडले, आम्हाला यंत्रे बनवता, म्हणाले. त्यांच्या समाधानासाठी कानेमन यांनी शेवटी एक मुभा दिली, की सहाही गुण देऊन झाल्यावर डोळे मिटून तो उमेदवार सैनिक म्हणून नजरेसमोर आणा आणि मनाला येईल तो आकडा लिहा. पुढे पडताळणी झाली, तेव्हा तो डोळे मिटून दिलेला आकडा सहा गुणांच्या बेरजेइतकाच उपयोगी ठरला. जुन्या, मोकळ्या मुलाखतीतील मनाचा कौल मात्र जवळपास निरुपयोगी निघाला होता.